मैवंदची म्हणून विकली जाणारी मार्टिनी-हेन्री: खातरजमा कशी करावी?

रेडिंगकर (प्रश्न)

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे इंग्लंडमधील रेडिंग येथे राहतो. आमच्या घराकडून स्टेशनला जाताना फोरबरी बाग लागते आणि त्या बागेत ओतीव लोखंडाचा एक प्रचंड सिंह उभा आहे. १८७८ ते १८८० या काळातील अफगाण मोहिमेत, मुख्यतः २७ जुलै १८८० रोजी कंदाहारच्या पश्चिमेस मैवंद येथे झालेल्या लढाईत, मरण पावलेल्या ६६ व्या बर्कशायर पलटणीच्या ३२९ जणांची नावे त्याच्या चौथऱ्यावर कोरलेली आहेत. त्या दिवशी त्यांच्या खांद्याला खांदा लावून मुंबई लष्कराच्या दोन पायदळ पलटणी, म्हणजे पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि तिसावी जेकब्ज रायफल्स, लढत होत्या. सिंह ६६ व्या पलटणीचा असल्यामुळे त्यावर त्यांची नावे नाहीत, हे समजण्यासारखे आहे, परंतु माझ्या मुलीने एकदा तिथे उभे राहून "आपल्याकडच्या लोकांची नावे कुठे आहेत?" असे विचारले, तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. आमचे घराणे सातारा जिल्ह्यातले असून त्यात पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेलेली माणसे आहेत.

आता मूळ प्रश्न. इथल्या एका जुन्या शस्त्रांच्या विक्रेत्याकडे मार्टिनी-हेन्री, म्हणजे ब्रिटिश फौजेची त्या काळची रायफल, विक्रीस आहे. ती मैवंदच्या रणांगणावर आयुबखान या अफगाण सेनानीच्या सैनिकांनी हस्तगत केली आणि पुढे अनेक वर्षांनी एका ब्रिटिश अधिकाऱ्याने सरहद्दीवरील बाजारात विकत घेऊन मायदेशी आणली, असे तो सांगतो. सोबत त्या अधिकाऱ्याच्या नातवाचे म्हणून एक टंकलिखित पत्र आहे. किंमत २,४०० पौंड सांगितली आहे. तशाच प्रकारच्या, पण कोणतीही कथा नसलेल्या रायफली त्याच दुकानात जवळजवळ निम्म्या किमतीत आहेत. रायफलीच्या उजव्या बाजूस मुकुट, त्याखाली व्ही. आर. ही अक्षरे, मग एनफिल्ड, १८७८, एक बाण आणि रोमन आकड्यातील दोन असे ठसे आहेत. दस्त्याच्या टोकाला असलेल्या लोखंडी पट्टीच्या वरच्या बाजूस मळ साचलेला आहे, तरी त्यातून "बर्क्स" एवढी अक्षरे वाचता येतात, आणि विक्रेत्याच्या दृष्टीने हाच निर्णायक पुरावा आहे. नळीच्या मुळाजवळ दोन छोटे बाण एकमेकांना टोक लावून असल्यासारखी एक खूणही दिसली; तिचा अर्थ मला कळला नाही.

मला ही रायफल घ्यावीशी वाटते, हे मी लपवत नाही. परंतु फसवणूक झाली तर पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे दुःख अधिक होईल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शिलेदार_न्यूजर्सी (प्रतिसाद)

नमस्कार रेडिंगकर. मार्टिनी-हेन्री हा माझा गेल्या वीस वर्षांचा विषय आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्यासमोर दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि विक्रेते नेहमी त्यांची सरमिसळ करतात. ही रायफल एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात बनलेली अस्सल वस्तू आहे का, हा पहिला प्रश्न. आणि ती मैवंदला होती का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पोलाद देते. दुसऱ्याचे उत्तर पोलाद क्वचितच देते, म्हणून तिथे कथा शिरते.

पहिल्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नका, कारण या रायफलीच्या जितक्या नकला झाल्या तितक्या फारच थोड्या शस्त्रांच्या झाल्या असतील. पेशावर आणि कोहाट यांच्या दरम्यान असलेल्या दर्रा आदमखेल येथील आणि आसपासच्या कारागिरांनी साध्या हत्यारांनी मार्टिनी घडवल्या. त्या त्यांच्या स्वतःच्या वापरासाठी होत्या, आणि ज्या हातांनी त्या घडवल्या त्यांच्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एनफिल्डचे ठसे त्यांनी चित्रासारखे पाहून उतरवले, अक्षरांसारखे वाचून नव्हे, म्हणून चुका राहिल्या. एनफिल्ड या शब्दातील एन हे इंग्रजी अक्षर उलटे कोरलेले असते. मुकुट ओबडधोबड असतो. अक्षरे एका ओळीत बसत नाहीत. आणि सर्वांत बोलकी चूक म्हणजे व्ही. आर. या व्हिक्टोरिया राणीच्या आद्याक्षरांखाली १९०५ किंवा १९१० असे वर्ष असते. राणी तर २२ जानेवारी १९०१ रोजीच निवर्तली होती. २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकी आणि ब्रिटिश सैनिकांनी तिथल्या बाजारांतून अशा रायफली मोठ्या संख्येने घरी आणल्या आणि आता त्या "शंभर वर्षांपूर्वी लुटलेल्या" म्हणून पुन्हा बाजारात फिरत आहेत.

आपण सांगितलेले ठसे क्रमाने योग्य वाटतात, पण ठशांचा क्रम कोणीही पुस्तकात पाहून जुळवू शकतो. त्यामुळे पुढच्या भेटीत नळीच्या आतून पाहा. लिव्हर खाली ओढला की मागचा ठोकळा खाली झुकतो आणि नळीचे मागचे तोंड उघडते. तिथे पांढरा कागद धरून पुढून टॉर्चच्या उजेडात पेच, म्हणजे नळीच्या आत कोरलेल्या सर्पिल खाचा, मोजा. अलेक्झांडर हेन्री यांच्या पद्धतीच्या नळीत सात पेच असतात आणि ते इतक्या समान अंतरावर असतात की आतून पाहताना सप्तकोनाचा भास होतो. हाताने पेच पाडणाऱ्या कारागिराला सात हा आकडा फार गैरसोयीचा असतो, त्यामुळे नकलांमध्ये अनेकदा पेच कमी आणि असमान आढळतात. संपूर्ण रायफलीची लांबी सुमारे ४९ इंच आणि नळीची ३३ इंचांहून किंचित अधिक भरली पाहिजे. नक्कल डोळ्यांनी पाहून केलेली असते, म्हणून मापात इकडेतिकडे होते. मग एखादा स्क्रू काढून दाखवण्याची विनंती करा. कारखान्यातील स्क्रूचे आटे धारदार आणि एकसारखे असतात, तर कानसीने पाडलेले आटे हाताला लगेच कळतात. विक्रेता स्क्रू काढू देण्यास तयार नसेल, तर तिथून नमस्कार करून बाहेर पडावे.

तुलनेसाठी माझ्या स्वतःच्या रायफलीबद्दल सांगतो. २००३ साली काठमांडूतील राजघराण्याच्या जुन्या शस्त्रागारातून हजारो रायफली आणि तोफा अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी एकरकमी विकत घेतल्या. त्या शस्त्रागाराला नेपाळीत सिलेखाना म्हणतात, म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांत येतो तोच शिलेखाना. माझी मार्टिनी-हेन्री त्यातलीच आहे. ती आली तेव्हा मेणासारख्या घट्ट झालेल्या ग्रीझने माखलेली होती, आणि दोन दिवस साफ केल्यावर धातूवर देवनागरी आकडे दिसले. इथल्या अमेरिकी मित्रांना ते वाचून दाखवताना मला झालेला आनंद अजून आठवतो. या रायफलींची किंमत वाजवी असते, त्यांना कोणी शौर्यकथा जोडत नाही, आणि त्या कुठून आल्या याबद्दल कोणाला शंका नसते. मनात विश्वास हवा असेल, तर अशा वस्तूही विचारात घ्याव्यात.

कागद_आधी (प्रतिसाद)

शिलेदारांनी पोलादाचे सांगितले. मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. मी लीड्सला राहतो आणि रॉयल आर्मरीज या संग्रहालयात बराच वेळ घालवतो. अस्सल नमुना काचेपलीकडे तासभर पाहिल्याने डोळ्याला जी सवय लागते ती छायाचित्रांनी लागत नाही, म्हणून आपणही एकदा अवश्य या.

रेडिंगकर, आपल्याच प्रश्नात दोन गोष्टी अशा आहेत की त्या विक्रेत्याची कथा खोटी ठरवतात, आणि त्यासाठी रायफल बनावट असण्याची काहीही गरज नाही.

पहिली गोष्ट म्हणजे "बर्क्स" हीच अक्षरे. पलटणीच्या पूर्ण नावात बर्कशायर असले, तरी मैवंदच्या दिवशी तिची ओळख ६६ या क्रमांकाने होत होती. ब्रिटिश पायदळाची पुनर्रचना १ जुलै १८८१ रोजी अमलात आली. तेव्हा ४९ वी आणि ६६ वी पलटण एकत्र करून बर्कशायर रेजिमेंट निर्माण झाली आणि क्रमांक जाऊन परगण्याचे नावच ओळख म्हणून उरले. त्यामुळे जुलै १८८० मध्ये शत्रूच्या हाती पडलेल्या रायफलीवर एक वर्षानंतर अस्तित्वात आलेल्या रेजिमेंटचे नाव कोण आणि कुठे ठोकणार? विक्रेता ज्याला पुरावा म्हणतो आहे, तो त्याच्याच विरुद्धचा पुरावा आहे.

दुसरी गोष्ट त्याहून पक्की आहे. दोन बाण टोकाला टोक लावून असलेली खूण म्हणजे ब्रिटिश सरकारने ती वस्तू सेवेतून काढून रीतसर विकली, याची नोंद. एकटा रुंद बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. त्याच्यासमोर दुसरा उलटा बाण ठोकला की सरकारचा हक्क संपला. अफगाणांनी रणांगणावरून नेलेली आणि पुढे बाजारातून खाजगीरीत्या मायदेशी आलेली रायफल सरकारच्या विक्रीच्या ठशाखालून जाण्याचे काही कारण नाही. ही रायफल १८८१ नंतरही सरकारी दफ्तरात होती आणि नंतर विकली गेली, असेच या दोन खुणा मिळून सांगतात.

मग "बर्क्स" कुठून आले? पट्टीवरचा मळ साफ करून त्या अक्षरांच्या आधी काय आहे ते वाचायला हवे. तारेचा ब्रश किंवा सँडपेपर कृपया वापरू नका. पातळ तेलाचा एक थेंब, अर्धा तास प्रतीक्षा आणि लाकडी टूथपिक एवढे पुरेसे आहे. कोणा उत्साही माणसाने चकचकीत घासून काढलेले ठसे पुन्हा कधीच वाचता येत नाहीत, आणि असे नुकसान मी डोळ्यांनी पाहिले आहे.

नातवाच्या पत्राबद्दल एवढेच म्हणतो की ते खोटे असेलच असे नाही. घराघरांत कथा वाढत जातात. आजोबा सरहद्दीवर होते, घरात रायफल होती, आणि दोन पिढ्यांत त्या दोन वाक्यांची एक लढाई होते. पत्राला महत्त्व येते ते त्यात तपासता येण्याजोगे काही असेल तर. अधिकाऱ्याचे नाव असल्यास लष्कराच्या छापील वार्षिक याद्यांत तो कोणत्या वर्षी कोठे होता हे सापडते. रायफलीवरचा एखादा क्रमांक किंवा ओरखडा पत्रात नमूद आहे का? नसेल, तर ते पत्र कोणत्याही मार्टिनीसोबत ठेवता येईल आणि तितकेच खरे वाटेल. मी एकदा एका तलवारीसाठी केवळ पत्रावर भिस्त ठेवून जादा पैसे मोजले होते. दोन वर्षांनी त्याच मजकुराचे, त्याच यंत्रावर टंकलेले पत्र दुसऱ्या तलवारीसोबत मी पाहिले.

रेडिंगकर (उपप्रश्न)

दोघांचेही मनापासून आभार. दोन बाणांचा अर्थ वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसलो होतो. शनिवारी पुन्हा जाणार आहे. विक्रेता वयस्कर आणि सौजन्यशील गृहस्थ आहे, त्यामुळे त्याच्यावर आरोप केल्यासारखे न करता हे सगळे कसे विचारावे, हा संकोच आहे. शिवाय कायद्याबाबतही सांगावे: पुढेमागे ही रायफल साताऱ्याच्या घरी नेता येईल का?

निवृत्त_पुणेकर (प्रतिसाद)

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात चूक झाली तर ती महागात पडेल. कृपया भारतात आणू नका.

इंग्लंडमध्ये मार्टिनी-हेन्रीचे काडतूस कालबाह्य काडतुसांच्या अधिकृत यादीत असल्यामुळे अशी रायफल केवळ शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून परवान्याशिवाय बाळगता येते. १९६८ च्या कायद्यातील सवलत आणि २०२१ चे पुराण-शस्त्रांविषयीचे नियम यांचा तो आधार आहे. ती झाडण्याचा हेतू आला की ही सवलत संपते, आणि तिचे काडतूस जवळ ठेवले तर सहसा तसाच हेतू धरला जातो. भारतात मात्र केवळ जुनेपणा पुरत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये पुराणवस्तूचे मूल्य असलेल्या किंवा कालबाह्य शस्त्रांना सूट आहे खरी, परंतु ते शस्त्र दुरुस्त करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसले पाहिजे. आपण घेऊ पाहत आहात ती रायफल सुस्थितीत आहे, म्हणजे ती या सवलतीत बसत नाही, आणि आयातीसाठी कलम १० नुसार वेगळा परवाना लागतो. विमानतळावर "अहो, ही तर १८७८ ची आहे" असे सांगून सुटका होणार नाही.

याच निमित्ताने इकडच्या वाचकांसाठीही लिहितो, कारण पुण्यामुंबईत जुन्या तोड्याच्या बंदुका विकणारे लोक "शंभर वर्षांपूर्वीची आहे, परवाना लागत नाही" असे सर्रास सांगतात. शंभर वर्षांची अट १९७२ च्या पुरावशेष कायद्यातली आहे आणि शस्त्र कायद्यातली सूट ही स्वतंत्र बाब आहे. पुरावशेषांचा व्यापार करणाऱ्याकडे त्या १९७२ च्या कायद्याखालचा परवाना असला पाहिजे. तो दाखवता येत नसेल, तर वस्तू अस्सल असली काय आणि नसली काय, व्यवहार करू नये. वस्तू खरी असूनही व्यवहार खोटा असू शकतो, हे नोकरीच्या काळात मी अनेकदा पाहिले.

विक्रेत्याशी बोलण्याबाबत माझा सल्ला असा की आरोप करूच नये, बिल मागावे. "आपण जे तोंडी सांगत आहात ते सगळे कृपया बिलावर लिहून द्या" एवढे एकच वाक्य पुरते. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्याने विकलेली वस्तू त्याने केलेल्या वर्णनाशी जुळली पाहिजे, असे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा सांगतो; त्यामुळे बिलावर "मैवंद येथे हस्तगत" असे लिहिले तर त्याची जबाबदारी त्याच्यावर येते. स्वतःला खात्री नसलेला सज्जन माणूस त्या क्षणी थांबतो आणि "असे म्हणतात" हे शब्द वापरू लागतो. त्या थांबण्यातून आपल्याला उत्तर मिळेल.

शिलेदार_न्यूजर्सी (प्रतिसाद)

पुणेकरांच्या सल्ल्याशी पूर्णतः सहमत आहे. एक भर घालतो: रायफल कितीही अस्सल निघाली तरी ती झाडून पाहण्याचा मोह कोणी दाखवला, तर नकार द्या. दीडशे वर्षांचे पोलाद आतून कोणत्या अवस्थेत आहे हे बाहेरून दिसत नाही.

रेडिंगकर (पुढील वृत्तांत)

शनिवारी जाऊन आलो. सात पेच आहेत, स्पष्ट आणि समान. लांबी जुळली. विक्रेत्याने स्वतः बाजूचा स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला; आटे एकसारखे आहेत. म्हणजे एनफिल्डची, १८७८ ची, मार्क दोन (दुसऱ्या आवृत्तीची; ठशातील रोमन दोन तोच) ही रायफल अस्सल आहे.

मग त्याच्याच परवानगीने पट्टीवर तेलाचा थेंब टाकला आणि आम्ही दोघे चहा पीत बसलो. अर्ध्या तासाने टूथपिकने मळ काढला तेव्हा "बर्क्स"च्या आधी एक हा आकडा आणि व्ही. बी. ही अक्षरे वर आली. विक्रेत्यानेच कपाटातून जुनी यादी काढून अर्थ लावला: बर्कशायर रेजिमेंटची पहिली व्हॉलंटियर बटालियन. ही हौशी नागरिकांची पलटण होती आणि तिचे मुख्यालय इथे रेडिंगमध्येच होते. ही रायफल अफगाणिस्तानात गेल्याचे काहीही चिन्ह नाही. दिवसा दुकानात किंवा बिस्किटांच्या कारखान्यात काम करून संध्याकाळी कवायतीला जाणाऱ्या, याच गावातल्या कोणा माणसाच्या हातात ती असण्याचा संभव अधिक आहे.

मी दोन बाणांबद्दल बोललो आणि बिलावर लिहून देण्याची विनंती केली. त्याने बराच वेळ रायफलीकडे पाहिले आणि सांगितले की त्यानेही ती त्या पत्रासह, कथेच्या किमतीतच विकत घेतली होती. त्याने बिलावर मैवंदचा उल्लेख केला नाही, व्हॉलंटियर बटालियनचा केला, आणि किंमत १,३०० पौंड केली. मी ती घेतली. ते टंकलिखित पत्रही मागून घेतले आणि त्याच्या मागे पेन्सिलीने तारीख घालून आम्हाला काय आढळले ते चार ओळींत लिहिले, जेणेकरून माझ्यानंतर कोणी ते पत्र पुन्हा मैवंदसाठी वापरू नये.

कागद_आधी (प्रतिसाद)

पत्र फाडून टाकण्याऐवजी त्याच्या पाठीवर टीप लिहिली, हे फार योग्य केले. बिल, टीप आणि साफ केलेल्या पट्टीचे छायाचित्र असे एकत्र ठेवा.

आपल्या मुलीच्या प्रश्नाबद्दल मात्र एक सांगायचे राहिले होते. मैवंदला मार्टिनी-हेन्री ६६ व्या पलटणीकडे होत्या. बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स यांच्या हातात स्नायडर होत्या, म्हणजे तोंडाकडून भरण्याच्या जुन्या एनफिल्ड बंदुकीला मागून उघडण्याची झडप बसवून केलेले, १८६६ साली स्वीकारलेले शस्त्र. १८५७ नंतर हिंदी शिपायांना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची, हे सरकारी धोरणच होते. त्या दिवशी ब्रिगेडचे ९६९ लोक मारले गेले. त्यातले बहुसंख्य हिंदी होते, आणि त्यांना रणांगणावर उभे करताना दिलेले हत्यार मागच्या पिढीचे होते. आपल्याकडच्या माणसांची आठवण जपणारी वस्तू हवी असेल, तर पुढचा शोध भारत सरकारच्या मालकीचा ठसा असलेल्या स्नायडरचा करा. सरहद्दीवर तिच्याही भरपूर नकला झाल्या, तेव्हा टॉर्च आणि टूथपिक जवळ असू द्या.

रेडिंगकर (प्रतिसाद)

काल संध्याकाळी मुलीला घेऊन सिंहापाशी गेलो आणि तिला स्नायडरबद्दल सांगितले. भारत सरकारचा ठसा नेमका कसा दिसतो, आणि तो लाकडावर शोधायचा की धातूवर?

कागद_आधी (प्रतिसाद)

बाण आणि त्याखाली आय हे इंग्रजी अक्षर. आधी दस्त्याच्या लाकडावर, उजव्या बाजूस शोधा, आणि प्रकाश तिरका धरा.